‘तुम्ही कोणती प्रक्रिया सुधारली?’ : इंजिनिअरिंग मॅनेजरच्या मुलाखतीतील एका प्रश्नाची तयारी

नवी मुंबईत ऐरोलीच्या माइंडस्पेस या आयटी संकुलातील एका कंपनीत काही वर्षांपूर्वी मी इंजिनिअरिंग मॅनेजरच्या पदासाठी मुलाखत दिली होती. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारले, ‘तुमच्या टीममध्ये तुम्ही कामाच्या पद्धतीत कोणती सुधारणा केलीत?’ मी उत्साहाने सांगू लागलो की आम्ही स्क्रम (छोट्या ठरावीक फेऱ्यांत काम करण्याची पद्धत) आणला, रोज सकाळी स्टँडअप (उभ्या-उभ्या घ्यायची छोटी बैठक) सुरू केला, दर दोन आठवड्यांनी रेट्रो (झालेल्या कामाकडे मागे वळून पाहण्याची बैठक) घेतला आणि जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील फलक नव्याने आखला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच उपप्रश्न केला: ‘याने कोणाचा कोणता त्रास कमी झाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. टीमला फायदा झाला होता हे मला आतून माहीत होते. पण तो कुठे, किती आणि कशामुळे झाला याचा मी कधी विचारच केला नव्हता. ती नोकरी मिळाली नाही.

त्यानंतर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून बऱ्याच मुलाखती घेतल्या आणि वागळे इस्टेटपासून महापे-तुर्भ्यापर्यंतच्या कंपन्यांतून आलेले, अनुभवाने भक्कम असलेले उमेदवार याच प्रश्नावर अडखळताना पाहिले. त्यांच्याकडे सांगण्यासारखे भरपूर असते. पण ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पुराव्यासह सांगायचे याची तयारी नसते. ती तयारी घरबसल्या, साधारण तीन आठवड्यांत कशी करता येईल, हे पुढे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

प्रश्नामागचा प्रश्न

हा प्रश्न सहसा हायरिंग मॅनेजरच्या किंवा संचालकांच्या फेरीत येतो आणि प्रत्येक वेळी याच शब्दांत येत नाही. ‘टीमचा वेग वाढवण्यासाठी तुम्ही काय केलेत?’, ‘रिलीजमध्ये (नवी आवृत्ती वापरात आणताना) वारंवार चुका होत असतील तर काय कराल?’, ‘तुमच्या सूचनेला टीमने विरोध केला असा एखादा प्रसंग सांगा,’ ही सगळी त्याचीच रूपे आहेत. म्हणून तयारी एका प्रश्नाची न करता अनुभवांची करावी.

मुलाखत घेणारा मनातल्या मनात चार गोष्टी तपासत असतो. अडचण तुम्ही स्वतः हेरली की वरून आलेला आदेश राबवला, उपाय निवडण्यापूर्वी कारण शोधले की नाही, अधिकार नसलेल्या ठिकाणी माणसांना कसे सोबत घेतले, आणि बदल चुकत आहे असे दिसल्यावर तो मागे घेण्याची तयारी ठेवली की नाही. यातले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पहिली तीन उत्तरे पाठ करून येता येतात, चौथे येत नाही.

पहिला टप्पा : त्रासांची यादी

एक कोरी वही घ्यावी आणि गेल्या तीन वर्षांत टीममध्ये कोणाला कशाचा त्रास होत होता हे लिहून काढावे. ‘मी काय केले’ हे या टप्प्यावर लिहू नये, कारण तिथून सुरुवात केली की लगेच साधनांची आणि बैठकांची नावे येऊ लागतात. रात्री अडीचला वाजणारा ऑन-कॉलचा (बिघाड सांभाळण्याच्या पाळीचा) फोन, क्यूएच्या म्हणजे चाचणी करणाऱ्यांच्या टेबलावर शुक्रवारी संध्याकाळी एकदम येऊन पडणारी पंधरा कामे, नवा माणूस रुजू झाल्यावर त्याच्या लॅपटॉपवर प्रकल्प चालू होण्यात जाणारा आठवडा, एकाच ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मंजुरीसाठी ताटकळणारे पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती), दोन टीमनी एकमेकींवर ढकललेला दोष: अशा नोंदी हव्यात. प्रत्येक नोंदीपुढे तो त्रास भोगणारा माणूस कोण होता हे लिहावे. विकासक, टेस्टर, सपोर्टवाला, ग्राहक, की तुम्ही स्वतः.

यादी वीस-पंचवीस नोंदींची झाली की त्यातून तीन गोष्टी निवडाव्यात. एक, जिच्यात सुधारणा नीट झाली आणि आकड्यांत दाखवता येते. दुसरी, जिच्यात तुमचा उपाय फसला. तिसरी, जिच्यात तुम्ही एखादी प्रक्रिया काढून टाकली: एखादी निरर्थक साप्ताहिक बैठक, कोणी न वाचणारा अहवाल, तिघांच्या सह्यांपैकी दोन सह्या. ही तिसरी गोष्ट फार थोडे उमेदवार आणतात. प्रक्रिया सुधारणे म्हणजे प्रक्रिया वाढवणे असा आपल्याकडे समज आहे आणि त्याचे मूळ आपल्या इंडस्ट्रीच्या इतिहासात आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने घडवलेल्या परिपक्वतेच्या पाच पातळ्यांचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी भारतीय सेवा कंपन्यांनी अपार मेहनत घेतली. पाचव्या पातळीचे नाव ‘ऑप्टिमायझिंग’ म्हणजे सतत सुधारणारी असे असले, तरी टेबलावर काम करणाऱ्या इंजिनिअरच्या वाट्याला बहुतेक वेळा ऑडिटच्या आदल्या रात्री भरायचे तक्तेच आले. या वातावरणात वाढलेल्या माणसाने ‘मी हा तक्ता बंद केला आणि काहीही बिघडले नाही, हे मी अमुक प्रकारे तपासले’ असे म्हटले, की समोरचा सावरून बसतो.

दुसरा टप्पा : आकडे कुठून आणायचे

आठवणीतले आकडे मुलाखतीत टिकत नाहीत. अजून त्याच नोकरीत असाल तर जिरा, गिटमधील कोडच्या बदलांचा इतिहास आणि घटनांच्या नोंदी पाहून तारखा समजून घ्याव्यात आणि त्यातून निघणारी मोजकी मापे स्वतःच्या वहीत लिहावीत. कंपनीची कागदपत्रे, ग्राहकाची माहिती किंवा पडद्यांची छायाचित्रे स्वतःच्या ईमेलवर पाठवू नयेत. ते कराराविरुद्ध तर आहेच, शिवाय मुलाखतीत असा कागद पुढे करणारा उमेदवार उद्या आपलेही कागद बाहेर नेईल, असा विचार समोरच्याच्या मनात हमखास येतो. आपल्याकडे नोटीस पीरियड बरेचदा 90 दिवसांचा असतो. राजीनामा दिल्यानंतर कंपनीच्या प्रणालींतले प्रवेश हळूहळू बंद होत जातात, तेव्हा हे काम राजीनाम्याच्या आधी करावे.

कोणती मापे घ्यावीत याचा फार बाऊ करू नये. सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या डोरा या संशोधन गटाने रूढ केलेली चार मापे या क्षेत्रात सगळ्यांना परिचित आहेत: किती वेळा रिलीज होते, कोड कमिट झाल्यापासून (गिटमध्ये नोंदवल्यापासून) प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, किती रिलीजमुळे बिघाड होतो, आणि बिघाड झाल्यावर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. पहिली दोन वेगाची आणि नंतरची दोन स्थैर्याची. वेगाचा आकडा सांगितलात की स्थैर्याचा आकडा विचारला जाणार हे गृहीत धरावे, आणि म्हणून जोडी नेहमी बरोबर ठेवावी. ‘रिलीज महिन्यावरून आठवड्यावर आणले’ हे अर्धे वाक्य आहे. त्या काळात हॉटफिक्सचे (तातडीने केलेल्या दुरुस्त्यांचे) प्रमाण काय झाले, हे त्याचे उरलेले अर्धे.

आकडा नसेल तर तो नाही असे सांगावे आणि त्याऐवजी जे पाहिले ते सांगावे. ‘आम्ही मोजत नव्हतो, पण आधी दर सोमवारी सपोर्टच्या बैठकीत हाच विषय असायचा आणि मे महिन्यानंतर तो विषयपत्रिकेवर आला नाही’ हा पुरावा साधा असला तरी खरा आहे. ‘उत्पादकता 40 टक्क्यांनी वाढली’ असे म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो की उत्पादकता म्हणजे काय मोजलेत, आणि बहुतेक वेळा पुढे शांतता असते.

तिसरा टप्पा : गोष्टीची मांडणी

परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम अशी चार खणांची मांडणी बहुतेकांना माहीत असते. सुरुवातीला ती उपयोगी पडते, पण मॅनेजरच्या पातळीवर अपुरी आहे, कारण तिच्यात निवडीला जागा नाही. तुमच्यापुढे आणखी कोणते मार्ग होते आणि ते का सोडले, हे कृतीच्या आधी यायला हवे. एक कल्पित पण आपल्या भागात सहज शोभेल असे उदाहरण घेऊन ही मांडणी पूर्ण करून पाहू.

महाप्यातील नऊ इंजिनिअरची टीम विमा कंपनीसाठी एक प्रणाली सांभाळते. ग्राहकाची तक्रार आहे की लहानसा बदलसुद्धा महिनाभर लागतो. वरिष्ठांचे मत असे की टेस्टर कमी आहेत, आणखी दोन घ्या. टीमची मॅनेजर घाई न करता सात आठवड्यांत पूर्ण झालेल्या 42 कामांच्या तारखा एका तक्त्यात भरते. सरासरी असे दिसते: कोड लिहिण्यात 5 दिवस, रिव्ह्यूच्या (सहकाऱ्याने कोड तपासण्याच्या) प्रतीक्षेत 6, चाचणीची प्रतीक्षा आणि चाचणी मिळून 10, आणि चाचणी झाल्यावर रिलीजची वाट पाहण्यात 7. एकूण 28. (इथे सरासरीच घ्यावी लागते, कारण टप्प्यांच्या सरासरींची बेरीज एकूण सरासरीइतकी येते. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतले तर ती तशी येईलच असे नाही, आणि एखादा चौकस मुलाखतकार नेमके तिथेच बोट ठेवतो.) रिलीज दर 14 दिवसांनी होत असे आणि कामे साधारण सारख्या अंतराने पूर्ण होत असत, म्हणून सरासरी प्रतीक्षा त्याच्या निम्मी, 7 दिवस येणारच होती. त्या सात दिवसांत कोणीही आळस करत नव्हते, ते कॅलेंडरमध्येच लिहिलेले होते.

आता निवड. टेस्टर वाढवले असते तर 10 दिवसांच्या टप्प्याला मदत झाली असती. पण भरती होऊन माणूस तयार होण्यात चार-पाच महिने गेले असते आणि उरलेले 18 दिवस तसेच राहिले असते. म्हणून तिने आधी रिव्ह्यू आणि रिलीज यांना हात घातला. पुल रिक्वेस्ट लहान ठेवायचे ठरले, रोज सकाळचा पहिला तास रिव्ह्यूसाठी राखला गेला, आणि सगळे रिव्ह्यू स्वतःकडे ठेवणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी तिने वेगळे बसून बोलणे केले. त्यांची भीती खोटी नव्हती. हप्त्याची रक्कम ठरवणाऱ्या भागात पूर्वी एक गंभीर चूक झाली होती आणि ती निस्तरायला तेच रात्रभर बसले होते. तडजोड अशी झाली की तो भाग त्यांच्याच नजरेखालून जाईल आणि बाकीचा कोणीही दोघे पाहतील.

रिलीजसाठी ग्राहकाच्या चेंज ॲडव्हायझरी बोर्डाची मंजुरी लागे. कमी जोखमीचे, नेहमीचे आणि परत फिरवता येणारे बदल ‘स्टँडर्ड चेंज’ म्हणून आधीच मंजूर करून ठेवण्याची सोय आयटी सेवा सांभाळण्याच्या आयटिल या पद्धतीत आहे. तिने तीन प्रकारचे बदल त्या यादीत घालून घेतले आणि त्याबदल्यात प्रत्येकाची रोलबॅकची, म्हणजे बदल मागे फिरवण्याची, कृती लिहून दिली. दर आठवड्याला रिलीज करायचे तर रिग्रेशन चाचणीचा (जुने काही बिघडले नाही ना, हे पाहण्याचा) भार दुप्पट होणार होता, म्हणून आधी महिनाभर नवे काम कमी घेऊन सर्वांत त्रासदायक चाचण्या स्वयंचलित केल्या. त्या महिन्यात वेग घसरला आणि तिने तो घसरणार हे ग्राहकाला आधीच सांगितले होते.

तीन महिन्यांनंतरचे चित्र: कोड लिहिण्याचे 5 दिवस तसेच, रिव्ह्यूचे 6 वरून 2, चाचणीचे 10 वरून 8, रिलीजचे 7 वरून साडेतीन. एकूण साडेअठरा. वाचलेल्या साडेनऊ दिवसांपैकी 4 रिव्ह्यूमुळे, 2 चाचणीमुळे आणि साडेतीन रिलीजच्या वेळापत्रकामुळे. अशी फोड करून सांगणारा उमेदवार ‘लीड टाइम (काम सुरू झाल्यापासून रिलीजपर्यंतचा वेळ) 34 टक्क्यांनी कमी केला’ एवढेच म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे असतो, जरी दोघांचा आकडा एकच असला तरी.

या आकड्यांची उलटतपासणी करण्याचीही एक रीत आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की एखाद्या स्थिर व्यवस्थेत हातात असलेली सरासरी कामे म्हणजे पूर्ण होण्याचा दर गुणिले प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ. टीम आठवड्याला 6 कामे संपवत होती आणि प्रत्येकाला 4 आठवडे लागत होते, म्हणजे हातात सरासरी 24 कामे असायला हवीत. साडेअठरा दिवसांना तोच दर धरला तर ती 16च्या आसपास यावीत. फलकावरची कामे मोजल्यावर तो आकडा जुळला तर तुमचा हिशेब खरा, आणि जुळला नाही तर कुठेतरी कामे फलकाबाहेर चालू आहेत हे तरी कळते. मुलाखतीत हा नियम आपण होऊन सांगू नये. ‘एकाच वेळी चालू असलेल्या कामांवर मर्यादा का घातली?’ असे विचारले तरच सांगावा.

याच उदाहरणात एक बारीक सापळा आहे. 28 दिवसांत कोड लिहिण्याचे दिवसही मोजले आहेत, तर डोराचा लीड टाइम कमिटपासून सुरू होतो. दोन्ही मापे चालतात. आपण कुठून कुठवर मोजले हे मात्र पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे.

‘आम्ही’ आणि ‘करण्यात आले’

मराठी माणसाची एक अडचण इथे वेगळी सांगायला हवी. ‘मी केले’ असे म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते, म्हणून आपण ‘आम्ही’ म्हणतो. आणि ‘आम्ही’सुद्धा जड वाटले की सरकारी परिपत्रकासारखे ‘करण्यात आले’ असे म्हणून कर्ताच गायब करतो. मुलाखत इंग्रजीत असली तरी ही सवय भाषांतर होऊन सोबत येते. ऐकणाऱ्याला मग कळत नाही की प्रस्ताव कोणी मांडला, आकडे कोणी गोळा केले आणि ग्राहकाशी कोण बोलले. दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक वाक्याला ‘मी’ लावणारेही असतात, आणि मॅनेजरच्या तोंडी तेही बरे दिसत नाही, कारण स्वयंचलित चाचण्या त्यांनी स्वतः लिहिलेल्या नसतात.

यावर सोपा उपाय असा की गोष्ट प्रथम मराठीत, घरी आईला किंवा मित्राला सांगावी तशी लिहून काढावी आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता अधोरेखित करावा. ‘तारखांचा तक्ता मी केला. पुल रिक्वेस्ट लहान ठेवण्याची कल्पना टीममधल्या एका कनिष्ठ मुलीची होती. ती मी रेट्रोत मांडायला लावली. ग्राहकाच्या बोर्डापुढे मी आणि आमचा डिलिव्हरी मॅनेजर दोघे गेलो.’ श्रेय असे वाटून दिल्याने तुमचे काम कमी ठरत नाही, उलट तुम्ही केलेले नेमके काम उठून दिसते. मग इंग्रजी करावे. थेट इंग्रजीत लिहायला बसले की जाहिरातीतली विशेषणे आपोआप येतात, असा माझा तरी अनुभव आहे.

चौथा टप्पा : उपप्रश्नांना तोंड देणे

खरी मुलाखत गोष्ट संपल्यावर सुरू होते, त्यामुळे तयारीचा निम्म्याहून अधिक वेळ इथे घालवावा.

सर्वांत अवघड उपप्रश्न असतो: ‘हा परिणाम तुमच्याच बदलामुळे झाला, हे कशावरून?’ त्याच तिमाहीत दोन अनुभवी लोक रुजू झाले असतील, ग्राहकाने मागण्याच कमी केल्या असतील, किंवा तुलनेचे दोन कालखंडच वेगळे असतील. आपल्याकडे तर हे फारच घडते. गणपतीच्या दिवसांत ठाण्यातली निम्मी टीम कोकणात असते, दिवाळीच्या आठवड्यात रिव्ह्यू करायला माणूस सापडत नाही, आणि वित्तीय ग्राहक मार्चअखेरीस रिलीज गोठवतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरची तुलना नोव्हेंबर ते जानेवारीशी करून ‘प्रतीक्षा कमी झाली’ म्हणणाऱ्याला याचे उत्तर द्यावे लागेल. शक्य असेल तर आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी. तेही नसेल तर टप्पावार फोड उपयोगी पडते: बदल रिव्ह्यूत केला आणि घट रिव्ह्यूतच दिसली, कोड लिहिण्याचा वेळ मात्र तसाच राहिला, तर माणसे वाढल्यामुळे सगळेच भराभर झाले असे म्हणता येत नाही. एवढे करूनही शंका उरत असेल तर ‘पूर्ण श्रेय या बदलाचे आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही’ हे वाक्य बिनदिक्कत वापरावे. मी ज्या उमेदवारांना होकार दिला, त्यांपैकी अनेकांनी ते कोणत्या ना कोणत्या शब्दांत वापरले होते.

दुसरा हमखास उपप्रश्न विरोधाचा. ‘सगळ्यांना पटले’ हे उत्तर कोणी खरे मानत नाही. विरोध करणाऱ्याचे म्हणणे त्याच्या बाजूने, त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. वरच्या उदाहरणातील ज्येष्ठ सहकाऱ्याला ‘बदलाला घाबरणारे’ म्हटले असते तर गोष्ट तिथेच कोसळली असती.

‘तुम्ही तिथून गेल्यावर ते टिकले का?’ हा प्रश्न अलीकडे वाढला आहे. जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारून ठेवावे. टिकले नसेल तर का, याचा स्वतःचा अंदाज तयार हवा.

किंमत किती पडली, हेही विचारतात. त्याचे उत्तर थोडक्यात आणि आकड्यात द्यावे.

पाचवा टप्पा : फसलेली गोष्ट

अपयश विचारल्यावर ‘मी कामात फार बारकाईने लक्ष घालतो’ छापाचे उत्तर देण्याचा काळ गेला. खरोखर फसलेला उपाय सांगावा, आणि फसण्याची यंत्रणा उलगडून सांगावी.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. रिव्ह्यूला उशीर होतो म्हणून मी नियम केला की प्रत्येक पुल रिक्वेस्ट 24 तासांत तपासलाच पाहिजे, आणि कोणाचे किती थकले आहेत याचा तक्ता टीमच्या मोठ्या पडद्यावर लावला. पहिल्या आठवड्यात आकडे सुंदर दिसले. तिसऱ्या आठवड्यात एक टेस्टर माझ्याकडे आली आणि म्हणाली की आधी रिव्ह्यूत सापडणाऱ्या चुका आता तिच्याकडे येत आहेत. मी नोंदी उघडून पाहिल्या, तर शेकडो ओळींचे बदल एकही टिप्पणी न करता काही मिनिटांत मंजूर झाले होते. लोक खोटारडे नव्हते. मी त्यांना तपासण्याचे बक्षीस न देता मंजूर करण्याचे दिले होते. एखादे माप लक्ष्य बनवले की ते चांगले माप राहत नाही, हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम मला पुस्तकातून माहीत होता. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मी तक्ता उतरवला, नियम माझा चुकला असे टीमसमोर सांगितले आणि पुल रिक्वेस्टचा आकार कमी करण्याकडे वळलो, कारण उशिराचे मूळ तिथे होते. आठशे ओळींचा बदल कोणालाच तपासायला नको असतो.

या गोष्टीत काय यावे लागते ते पाहा: चूक माझी होती, ती दुसऱ्या कोणीतरी लक्षात आणून दिली, मी पुरावा पाहिला, आणि किती दिवसांत मागे फिरलो. मागे फिरायला लागलेला वेळ हा इथला सर्वांत बोलका आकडा आहे.

समोर कोण आहे त्याप्रमाणे भर बदलणे

गोष्ट तीच ठेवावी, भर बदलावा. सेवा कंपनीत करार, ऑडिट आणि ग्राहकाची मंजुरी यांना वजन असते, म्हणून स्टँडर्ड चेंजचा भाग सविस्तर सांगावा. प्रॉडक्ट कंपनीत किंवा परदेशी कंपनीच्या इथल्या केंद्रात वापरकर्त्याला काय मिळाले आणि प्रयोग किती स्वस्तात करता येऊ लागले, हे विचारतात. वीस माणसांच्या स्टार्टअपमध्ये चेंज बोर्डाचे नाव काढले तर तुम्ही नोकरशाही घेऊन येणार अशी धास्ती वाटते. तिथे काढून टाकलेल्या प्रक्रियेची गोष्ट आधी सांगावी.

कैझेन, डेमिंग यांचे चक्र, पाच वेळा ‘का’ विचारण्याची टोयोटाची पद्धत, कानबान, सिक्स सिग्मा ही सुधारणेच्या पद्धतींची नावे जपून वापरावीत. नाव घेतले की त्यावर प्रश्न येतो, आणि नाव न घेता तेच काम केल्याचे सांगितले तर समोरचाच म्हणतो, ‘म्हणजे तुम्ही कानबान वापरलेत.’ त्याला ते म्हणू द्यावे.

सहावा टप्पा : सराव

प्रत्येक गोष्टीच्या दोन आवृत्त्या हव्यात, एक दोन मिनिटांची आणि एक सहा-सात मिनिटांची. मी ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या लोकल गाडीत सराव करत असे. ठाण्याहून गाडी सुटली की मनातल्या मनात सुरू करायचे आणि दिघा गाव येण्याआधी लहान आवृत्ती संपली पाहिजे, मग मोठी आवृत्ती सुरू करून ती रबाळ्याच्या आसपास संपवायची. घणसोली आली तरी संपली नसेल तर पार्श्वभूमीच जास्त झाली असे समजायचे, कारण लांबण नेहमी तिथेच असते. ग्राहक कोण, प्रणाली कोणती, तंत्रज्ञान कोणते यांत दोन मिनिटे घालवणारे उमेदवार मुख्य मुद्द्यापर्यंत पोहोचतात तेव्हा ऐकणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे गेलेले असते.

त्यानंतर फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकणे कोणालाच आवडत नाही, पण ‘बेसिकली’ किती वेळा म्हणतो हे तेव्हाच कळते. शेवटी क्षेत्राबाहेरच्या एखाद्या माणसाला, म्हणजे बँकेत काम करणारी बहीण असेल किंवा शेजारचे निवृत्त काका असतील, गोष्ट सांगावी आणि त्यांनी उलट सांगितलेली ऐकावी. अडचण काय होती आणि ती कशी सुटली, एवढे त्यांना परत सांगता आले तर मांडणी नीट आहे. पुल रिक्वेस्ट म्हणजे काय हे त्यांना कळले नसले तरी चालेल.

मुलाखतीच्या अखेरीस तुम्हाला प्रश्न विचारायची संधी मिळते. तिथे पगाराआधी एक प्रश्न विचारून पाहावा: ‘गेल्या वर्षभरात तुमच्या टीमने कोणती प्रक्रिया बंद केली?’ समोरचा हसून लगेच एखादे उदाहरण देऊ लागला तर तिथे बदल करणे शक्य आहे. तो बराच वेळ आठवत राहिला आणि मग नव्याने सुरू केलेल्या तीन प्रक्रियांविषयी बोलू लागला, तर त्या नोकरीतले पहिले सहा महिने कशात जाणार आहेत याचा अंदाज येतो, आणि पगाराची बोलणी करताना तो हाताशी असलेला बरा. बाहेर पडल्यावर गाडीत बसताच, ओळखीच्या कोणाला फोन करण्याआधी, विचारले गेलेले सगळे उपप्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. तेच पुढच्या मुलाखतीत थोड्याफार फरकाने पुन्हा येतात.